शेवेवरची पाल

१

बुधवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास धुळ्याच्या चांदणी गार्डनमध्ये, सहा नंबरच्या टेबलावर, शेवभाजीच्या वाटीत पाल निघाली. मी चार नंबरवर जेवत होते. आयुष्यभर हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं असल्यामुळे मला पालीची किळस येत नाही, पण हॉलमधल्या बाकी सगळ्यांना आली. पाच मिनिटांत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

ब्याण्णव सालचा एप्रिल संपत आला होता आणि आखाजी, आमची अक्षय्य तृतीया, सहा दिवसांवर होती. चांदणी गार्डन आधी नुसतं परमिट रूम होतं. मग मालक अभिमन पाटील याने मागच्या मोकळ्या जागेत फॅमिली हॉल काढला, कूलर लावले, वेताच्या खुर्च्या आणल्या, भिंतीवर धबधब्याचं मोठं चित्र डकवलं. बाहेर पाटी लावली, ‘मुंबईचे नामांकित आचारी’. अभिमन माझा विद्यार्थी. शाळेत असतानाही प्रयोगवहीत दुसऱ्याच्या आकृत्या चिकटवायचा. मुंबईचा आचारी वगैरे तिथे कोणी नव्हता, होती ती आमची कुंदाबाई. तिच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी मी दर बुधवारी जात होते. सुनंदाबाई एकट्या परमिट रूममध्ये जेवायला जातात म्हणून गावाने माझ्यावर वर्षभर तोंडसुख घेतलं, आणि मग गावच पोराबाळांसकट तिथे यायला लागलं.

त्या दिवशीही वेटर रुपसिंगने नेहमीसारखं रस चालेल का म्हणून विचारलं आणि मी नको म्हटलं, आखाजी व्हायची होती. हायवेवरून येणाऱ्या लोकांसाठी अभिमनने थाळीत आमरस सुरू केला होता.

सहा नंबरवरचा माणूस चाळिशीचा, सफारी घातलेला, अस्सल हिंदी बोलणारा. आपण इंदूरचे शर्मा, मशिनच्या सुट्या भागांचे व्यापारी, असं त्याने भर हॉलमध्ये उभं राहून सांगितलं. अशा हॉटेलला टाळंच लागलं पाहिजे, उद्या इन्स्पेक्टरला घेऊन येतो, असंही म्हणाला. आवाज मोठा होता, पण नजर वाटीवर ठरत नव्हती. मला वाटलं, किळस आली असेल.

तो गेल्यावर अभिमन तरातरा स्वयंपाकघरात गेला, मागोमाग मीही. वड्याचं तेल वांग्यावर काढायची त्याची खोड जुनीच. सगळ्यांसमोर त्याने कुंदाबाईला सांगितलं की आखाजीचा सण होऊ दे, दुसऱ्या दिवसापासून तू येऊ नकोस, आणि मागची खोलीही रिकामी कर. ती खोली म्हणजेच कुंदाबाईचं घर. नवरा कधीच गेलेला, पोटी मूल नाही. आणि जिच्या भाजीत पाल निघाली तिला धुळ्यातच काय, शिरपूरपर्यंत कोणी चुलीपुढे उभं केलं नसतं.

ती रडली नाही. पदराला हात पुसत मला म्हणाली, “बाई, पंधरा वरीस चुल्हापुढे उभी शे. मन्हा हातनी भाजीमा पाल नही पडी.”

मी अभिमनला म्हटलं, “आखाजीला संध्याकाळी मी इथे जेवायला येईन. तोवर तिची पेटी हलवायची नाही.” शाळेतल्या बाईंना नाही म्हणायची हिंमत माणसाला पन्नाशीतही होत नाही. तो मान हलवून मोकळा झाला, पण पालीशिवाय माझ्या हातात काहीच नव्हतं.

२

इन्स्पेक्टर येणार या धास्तीने अभिमनने ती वाटी झाकून बिअरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. बारच्या काउंटरवरच्या जीवरामचा त्यावरून संताप चालला होता. त्याच्याकडे लक्ष न देता मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरून चिमटा आणि भिंग घेऊन गेले.

पाल उकळत्या रश्श्यात पडली की तिचं काय होतं हे सांगायला मोठा शास्त्रज्ञ लागत नाही. कातडी सैल होऊन सुटते, पोट फुगतं, अंग लिबलिबीत होतं. या पालीचं पोट पाठीला लागलं होतं, डोळे खोल गेले होते आणि पाय वाळक्या काडीइतके ताठ होते. भाजी चुलीवर चढली त्याच्या निदान चार दिवस आधी ती मेली होती आणि कुठेतरी कोरड्या जागी पडून होती. तिच्या पोटाला तेवढी तर्री लागलेली, पाठ अगदी स्वच्छ.

मग मी ती हलकेच उचलली. खाली शेव होती. रात्रभरात फुगलेली, पण सगळीकडे सारखी पसरलेली. म्हणजे पाल शेवेच्या वर ठेवलेली होती.

चांदणी गार्डनची एक पद्धत आहे. शेव आधी घातली तर लगदा होतो, म्हणून कुंदाबाईचा नियम असा की वाटीतून नुसता रस्सा जायचा आणि वेटरने टेबलाशी उभं राहून, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत, झाऱ्याने वर शेव घालायची. या एका गोष्टीने कुंदाबाई सुटत होती. पण मी ते अभिमनला सांगितलं तेव्हा तो मान डोलावून म्हणाला, मग बाई, तिच्यावर डूख धरून कोणीतरी केलं असेल, तरी नाव तर गेलंच ना. गिऱ्हाईक नाव विचारतं, कारण विचारत नाही. ज्याने केलं तो माणूस समोर उभा करा, नाहीतर माझा नाइलाज आहे.

माणूसच हवा असेल, तर माणूस शोधायचा. मी भिंग पुसून पर्समध्ये टाकलं आणि स्वयंपाकघरात शिरले.

३

रश्श्याच्या पातेल्यापासून टेबलापर्यंत वाटीला तीन हात लागले होते.

पहिला पुष्पाबाईचा. ती कुंदाबाईच्या हाताखाली काम करायची आणि वाट्या भरायची. तिला कुंदाबाईची जागा हवी होती हे सगळ्या हॉटेलला माहीत होतं. मी विचारल्यावर तिने लपवलं नाही. जागा हवी आहे, पण अशी नको, आज तिच्या वाटीत पाल निघाली तर उद्या माझ्या वाटीत निघेल, आणि मालक मलाही असाच सगळ्यांदेखत हाकलेल, असं ती कांदा चिरता चिरता म्हणाली. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं की भीतीचं ते मला कळलं नाही.

दुसरा हात जीवरामचा. हॉल सुरू झाल्यापासून त्याची पिणारी गिऱ्हाइकं बायकापोरांना लाजून कमी झाली होती. रुपसिंगने सोडा घेण्यासाठी ती वाटी क्षणभर त्याच्या काउंटरवर टेकवली होती, हे त्याने स्वतःच कबूल केलं. वर मलाच विचारलं, की बाई, तुम्ही मास्तरीण की पोलीस? मी म्हटलं, मास्तरीण, आणि पोलिसांपेक्षा जास्त खोटं पकडलेली. त्यानंतर तो जरा नीट बोलायला लागला.

मात्र पुष्पाबाई असो की जीवराम, त्यांच्यासमोरून वाटी गेली तेव्हा तिच्यात नुसता रस्सा होता. पाल तेव्हा टाकली असती तर ती शेवेखाली सापडली असती. दोघंही सुटले.

उरला रुपसिंग. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचा हा माणूस सात वर्षं इथे वाढतोय. शेव त्याच्याच हाताने पडली होती. अभिमनची खात्री झालीच होती, त्याने कामावरून काढायच्या यादीत कुंदाबाईच्या खाली त्याचं नाव मनातल्या मनात लिहूनही टाकलं होतं. मी रुपसिंगला समोर बसवून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “बाई, झारा एवढासा, पाल एवढी मोठी. शेव पिवळी, पाल काळी. साहेब वाटीकडेच बघत होता. मी टाकली असती तर तो तेव्हाच ओरडला असता.”

“मग कधी ओरडला?”

“मी तुमच्याकडे आलो तेव्हा. तुम्ही गरम भाकरी मागितली ना.”

मला माझीच हाक आठवली. रुपसिंग माझ्या ताटात भाकरी वाढत होता आणि त्याची पाठ सहा नंबरकडे होती, तेव्हा आरडाओरडा झाला. त्या अर्ध्या मिनिटात वाटीजवळ एकच माणूस होता. ज्याने बोंब मारली त्याच्याकडे कोणी संशयाने बघत नाही, म्हणूनच चोराच्या उलट्या बोंबा चालून जातात.

४

अभिमनला हे काही केल्या पटेना. इंदूरचा व्यापारी, ना ओळख ना पाळख, तो खिशात मेलेली पाल घेऊन धुळ्याला कशाला येईल? त्याने भाव कमी करून मागितला नाही, पैसे परत मागितले नाहीत. नुसता ओरडून गेला. आणि इन्स्पेक्टरला घेऊन येणार होता तो शुक्रवार झाला तरी आला नाही. अभिमनला ही देवाची कृपा वाटत होती. मला ती खटकत होती. एवढा संतापलेला माणूस दोन दिवसांत कसा थंड झाला?

शनिवारी मी रुपसिंगला पुन्हा बसवलं. सहा नंबरवर तो माणूस कसा जेवला ते पहिल्या घासापासून सांग म्हटलं. वेटरची नजर म्हणजे परीक्षेच्या हॉलमधल्या मास्तराची नजर, सगळं टिपते, फक्त कोणी विचारत नाही.

रुपसिंग आठवून आठवून सांगत गेला. साहेब सावकाश जेवला, पाऊण तास. शेवभाजीच्या पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं म्हणून रुपसिंगने पाणी पुढे केलं, तर नको म्हणाला. वाटी बोटाने निपटून खाल्ली. गुलाबजाम खाल्ला, अजून एक मागून घेतला. मग शेवभाजीची दुसरी वाटी मागवली आणि त्या वाटीत ते झालं.

“ताटात काही टाकलं?”

“काही नाही. रस तेवढा आल्या आल्या परत केला. हात जोडून म्हणाला, उठा लो.”

मी खुर्चीत ताठ बसले. रुपसिंग बाहेरच्या माणसाला रस चालेल का विचारत नाही, सरळ वाढतो. आम्हा खानदेशातल्या माणसांनाच तो विचारतो, कारण आखाजीच्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा, त्यांना रसपोळी दाखवायची आणि मगच आपण आंबा तोंडाला लावायचा, ही आमची रीत. माहेरी पहूरला माझे वडील गेले त्या वर्षी आईने कैरीचं लोणचंसुद्धा घालू दिलं नव्हतं. इंदूरच्या शर्माला आखाजीचं काय पडलंय? गोड खायचं नव्हतं म्हणावं तर दोन गुलाबजाम पोटात गेले होते. रस आवडत नाही असा माणूस ‘नको’ म्हणतो, हात जोडत नाही.

तो शर्मा नव्हता. तो इथल्याच मातीतला होता आणि इंदूरचं सोंग घेऊन आला होता. सोंग कशाला, तर खरं नाव सांगितलं असतं तर अभिमनने ओळखलं असतं. आणि काळ्या मसाल्याच्या ज्या रश्श्याने धुळ्यातलं पोरगंही हाश्श करत नाही, त्या रश्श्याने त्याचे डोळे भरले होते.

मी थेट कुंदाबाईच्या खोलीवर गेले. ती भांडी बांधत होती. मी विचारलं, हा मसाला तुला कोणी शिकवला?

ती म्हणाली, “पंडितनानानी.”

५

पंडित आचारी सोनगीरचा. चांदणी गार्डनचं नाव त्याने केलं आणि तीन वर्षांपूर्वी अभिमनने त्याला काढलं. एका लग्नाच्या पंगतीत तीस माणसं आजारी पडली तेव्हा सगळ्या वऱ्हाडासमोर अभिमनने त्याच्या हातातला झारा काढून घेतला होता. गेल्या भादव्यात पंडित वारला. मुलगा चुडामण पंधराव्या वर्षी इंदूरला गेला तो तिथलाच झाला. अभिमनने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

बाप गेल्यानंतरची ही पहिली आखाजी होती. जो माणूस आखाजीच्या आधी रस शिवत नाही, तो बापाची घागर भरायला घरी येणारच. मंगळवारी सकाळी पहिल्या एसटीने मी सोनगीरला उतरले. निंबाला झोके टांगलेले होते, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या.

पंडितच्या घरी त्याची बायको भागाबाई उंबऱ्यात बसली होती. आत चुडामण उघड्या अंगाने घागरीपुढे बसला होता. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवलेले, समोर पळसाच्या पानावर मांडे आणि रस. सफारी नसली तरी मी त्याला ओळखलं. त्यानेही मला ओळखलं असावं, कारण त्याचा हात थांबला. मी खुणेने चालू दे म्हटलं. माणसाला बापाच्या पुढ्यातून उठवायचं नसतं. त्याने निखाऱ्यांवर घास ठेवला, पाणी फिरवलं, डोकं टेकवलं. मग माझ्यासमोर येऊन बसला.

मी पाल कशी वाळलेली होती, शेवेवर कशी होती आणि रुपसिंगची पाठ कधी वळली ते सांगितलं. तो नाकारत बसला नाही. त्याने एवढंच विचारलं, “तुमले मन्हं घर कसं सापडनं?”

“तू रस परत पाठवलास.”

त्याने घागरीवरचा आंबा सरळ केला. मग म्हणाला, “बापले दखाडाना पहिले रस कसा खाऊ मी?” आणि मग सगळं आलं. बाप दोन वर्षं घराबाहेर पडला नाही. गावात कोणी जेवणाला बोलावलं तरी जायचा नाही, लोक आपल्या हातांकडे बघतात म्हणायचा. “त्या अभिमनशेठनी बठ्ठासना देखत मन्हा बापनी इज्जत काढी. मीबी त्यानी तशीच काढी.”

मला त्याचं दुःख कळलं. खोटं का बोलू, त्या क्षणी अभिमनपेक्षा तोच मला जवळचा वाटला. पण मी ज्या कामाला आले होते ते सोडणार नव्हते. मी म्हटलं, “अभिमनचं काही गेलं नाही. हॉल आजही भरलेला असेल. त्याने कुंदाबाईला काढलंय, उद्या ती रस्त्यावर येईल.”

“कोन कुंदाबाई? तठे तर मुंबईना आचारी शे. पाटी शे ना.”

पाटीवर विश्वास ठेवून त्याने सूड उगवला होता. उंबऱ्यातून भागाबाई उठली, लेकासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

“आपली कुंदा रे. तुन्हा बापना तेरावाना सैपाक तिनी एकलीनी करा व्हता. तू जेवना व्हता.”

चुडामणने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी एसटीची वेळ सांगितली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तो येईल की नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. गाडी लागली, कंडक्टरने घंटीला हात घातला, तेव्हा तो सदरा अडकवत धावत आला.

६

सणामुळे हॉल गच्च भरला होता. अभिमनला पोलीस बोलवायचे होते. मी म्हटलं, बोलव, पण आधी त्याचं ऐक. चुडामण सहा नंबरच्या टेबलाशी उभा राहिला आणि या वेळी आपल्या भाषेत, आपलं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव घेऊन बोलला. पाल आपण आणली, आपण ठेवली, ज्या बाईची चूक नव्हती तिला भोगावं लागलं. जेवणाऱ्यांचे हात ताटातच थांबले होते.

अभिमनचा चेहरा खुलला. त्याचं हॉटेल सुटलं होतं. त्याने तिथूनच हाक मारली, कुंदाबाई, झालं गेलं विसर, भाजी टाक, लोक खोळंबलेत.

कुंदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक बसलेलं असताना ती हॉलमध्ये पहिल्यांदा आली होती. चुडामण तिच्या पाया पडायला वाकला तर तिने पाय मागे घेतले. तिला त्याच्याशी बोलायचं नव्हतं, निदान आज तरी नव्हतं. ती अभिमनसमोर येऊन उभी राहिली.

“पंडितनानानी चूक नव्हती,” ती म्हणाली. “टाकीनं पानी खराब व्हतं. तुमले ते आठ दिनमाच समजनं व्हतं. टाकी धवाडी लिन्ही, नानाले बलावं नही. हाई बठ्ठासपुढे सांगा, मंगच मी चुल्हाले हात लावसू.”

कूलर घरघरत होते. अभिमनने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. टाकी गुपचूप धुवून घेतली आणि पंडितला परत बोलावलं नाही, मला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावर मला त्याची शरम वाटली. त्याने रुमालाने मान पुसली. मग खाली बघत, ओठातल्या ओठात म्हणाला, की पंडितची चूक नव्हती, पाणी खराब होतं.

चुडामणने मान वर केली होती.

कुंदाबाई जागची हलली नाही. तिने मागच्या टेबलांकडे एकदा पाहिलं आणि अभिमनला म्हणाली, “मांगे आयकू नही उनं. परत सांगा.”